खडूस, लबाड आणि हात उचलणारे: पाठीवर कुणाचं नाव घ्यायचं?

गेल्या उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या ओरॅकल पार्क या बेसबॉल मैदानातल्या दुकानात माझी भाची दोन जर्स्या हातात धरून उभी होती. एकीवर 24, दुसरीवर 25. म्हणजे विली मेज आणि बॅरी बाँड्स, दोघंही इथल्या जायंट्स संघाचे जुने तारे. मेज हा बाँड्सचा गॉडफादर, तेव्हा एका अर्थी एकाच घरातली दोन माणसं. पोरगी शाळेत सॉफ्टबॉल खेळते, आकडे तिला माझ्याहून जास्त पाठ आहेत. म्हणाली, "मावशी, खेळ बाँड्सचाच भारी. पण माणूस वाईट होता म्हणतात. घेऊ का?" मागे रांग, जर्सीची किंमत शंभर डॉलरच्या वर. मी म्हटलं, आधी लसणाचे फ्राइज खाऊ, मग बोलू.

फ्राइज संपले तरी बोलणं संपलं नाही. तेच इथं सविस्तर लिहिते आहे. क्रिकेटवर वाढून अमेरिकेत आलेल्या, बेसबॉलची गोडी लागलेल्या, आणि मनात भरलेला खेळाडू नेमका ओंगळ निघाल्यामुळे अडखळलेल्या माणसासाठी. कोण किती वाईट याची यादी इथं नाही. चाहते या पेचातून कोणकोणत्या वाटांनी बाहेर पडतात, त्या वाटा शेजारी शेजारी ठेवून बघायच्या आहेत, म्हणजे आपली कुठली ते ठरवता येईल.

आधी शब्द लावून घेऊ. इथल्या स्टँडमध्ये बसलं की न आवडणाऱ्या प्रत्येक खेळाडूला एकच शिवी ऐकू येते. सही न देणारा, ताकद वाढवणारी औषधं घेणारा आणि घरी बाईला मारणारा, तिघांनाही तीच. आपल्याकडे निदान शब्द तरी वेगवेगळे आहेत. 'खडूस' तर मुंबई क्रिकेटनं बिरुद म्हणून मिरवलेला शब्द. विकेट फेकायची नाही, समोरच्याला एक धाव फुकट द्यायची नाही, हसून बोलायचं तर सामना संपल्यावर. मैफलीत कपबशी वाजली म्हणून गाणं थांबवणाऱ्या गवयालाही आपण 'लहरी' म्हणतो आणि पुढच्या वेळी पुन्हा तिकीट काढतो. लबाडाची गोष्ट वेगळी. तो खेळाला फसवतो. हात उचलणारा तिसराच, त्याच्या हातून खेळाचं काही बिघडत नाही, माणसाचं बिघडतं. माझ्या मते चाहत्यांची निम्मी भांडणं हे तिघे एका पोत्यात भरल्यानं होतात. पोतं उघडू आणि खेळाडू जोडीजोडीनं बाहेर काढू.

विल्यम्स आणि बाँड्स

बोस्टन रेड सॉक्सचा टेड विल्यम्स. 1941 च्या हंगामातल्या शेवटच्या दिवशी सकाळी त्याची सरासरी .39955 होती, म्हणजे पूर्णांकात .400. (बेसबॉलची सरासरी अशी वाचायची: हजार संधींत चारशे वेळा यशस्वी फटका. तीनशे जमले तरी माणूस चांगला मानतात.) बाकावर बसून राहिला असता तरी .400 पदरात होती. तो फिलाडेल्फियात त्या दिवशीचे दोन्ही सामने खेळला, आठ संधींत सहा फटके मारले आणि .406 वर हंगाम संपवला. अमेरिकन आणि नॅशनल लीगमध्ये (दोन्ही मिळून 'मेजर', म्हणजे मोठी लीग) त्यानंतर कुणी .400 गाठलेली नाही.

हाच माणूस प्रेक्षकांकडे बघून टोपी उचलत नसे. सुरुवातीला कधीतरी उचलायचा, मग बोस्टनच्या पत्रकारांशी आणि डाव्या बाजूच्या स्टँडमधल्या टोळीशी बिनसलं आणि ती कायमची डोक्यावर बसली. 1956 मध्ये तो प्रेक्षकांच्या दिशेनं थुंकला आणि त्याला पाच हजार डॉलर दंड झाला. 1960 च्या सप्टेंबरात, कारकिर्दीतल्या शेवटच्या संधीला त्यानं फेनवे पार्क या बोस्टनच्या मैदानावर होम रन (आपल्या षटकारासारखा, चेंडू थेट मैदानाबाहेर) मारला. दहा हजारांवर माणसं उभी राहून ओरडत होती. तो मान खाली घालून बेसना फेरी मारून आत गेला. टोपी नाही, हात नाही, काही नाही.

आता बाँड्स. सात वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू. 2001 मध्ये एका हंगामात 73 होम रन, कारकिर्दीत 762. हे दोन्ही आकडे अजून कुणी ओलांडलेले नाहीत. 2004 मध्ये समोरच्या संघांनी 120 वेळा त्याला जाणूनबुजून फटका मारायची संधीच दिली नाही, सरळ पहिल्या बेसवर पाठवून दिलं. इतकी धास्ती कुठल्या फलंदाजाची क्रिकेटमध्ये कुणी घेतलेली मला आठवत नाही. अर्थात क्रिकेटमध्ये तशी सोयच नाही. ड्रेसिंग रूममध्ये त्याची स्वतःची आरामखुर्ची आणि स्वतःचा टीव्ही. पत्रकाराला उत्तर दिलं तर उपकार. 2002 मध्ये जेफ केंट या आपल्याच साथीदाराशी त्याची डगआउटमध्ये, म्हणजे मैदानालगतच्या संघाच्या बाकांपाशी, कॅमेऱ्यासमोर झटापट झाली.

दोघंही खडूस. मग विल्यम्सला बोस्टननं डोक्यावर का घेतलं आणि बाँड्सला सॅन फ्रान्सिस्कोबाहेर सगळीकडे शिट्ट्या का?

उत्तराचा सोपा भाग औषधांचा आहे. खेळाडूंना अशी औषधं पुरवणाऱ्या बाल्को या कंपनीच्या प्रकरणात बाँड्सचं नाव आलं. आपण जाणूनबुजून काही घेतलं नाही, असं त्यानं ग्रँड ज्यूरीसमोर, म्हणजे खटल्याआधीच्या चौकशीत, सांगितलं. 2011 मध्ये न्यायाच्या कामात अडथळा आणल्याबद्दल तो दोषी ठरला, 2015 मध्ये वरच्या कोर्टानं तो निकाल रद्द केला. कायद्याच्या भाषेत पाटी कोरी, लोकांच्या भाषेत नाही. कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांचा सन्मान करणाऱ्या संग्रहालयात, जायला पत्रकारांची 75 टक्के मतं लागतात आणि दहा वर्षं संधी असते. 2022 मध्ये, दहाव्या आणि अखेरच्या वर्षी, त्याला 66 टक्के मिळाली.

पण औषधांनी सगळं उत्तर मिळत नाही. बाँड्सचे पहिले तीन सर्वोत्तम खेळाडूचे किताब 1993 पर्यंतचे, औषधांची कुजबुज सुरू व्हायच्या आधीचे, आणि नावडता तो तेव्हाही होताच. विल्यम्सच्या बाजूनं आणखी काही गोष्टी होत्या. दोन युद्धांत मिळून त्याचे जवळजवळ पाच हंगाम गेले. कोरियात पेटलेलं जेट त्यानं पोटावर उतरवलं. कॅन्सर झालेल्या मुलांना भेटायला तो जायचा, आणि पत्रकारांना कळता कामा नये ही त्याची अट असायची. 1966 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये स्वतःचा सत्कार होत असताना त्यानं सॅचेल पेज आणि जॉश गिब्सन यांची नावं घेतली: रंगामुळे ज्यांना मोठ्या लीगमध्ये वेळेवर किंवा कधीच खेळू दिलं गेलं नाही, ते खेळाडूही इथं हवेत. गोऱ्या ताऱ्यानं त्या व्यासपीठावरून असं बोलणं तेव्हा कुणाला अपेक्षित नव्हतं. पेज 1971 मध्ये आत आला, गिब्सन 1972 मध्ये.

आणि एक गोष्ट, जी मला टाळता येत नाही. गोरा खेळाडू गप्प बसला की तो मानी, काळा गप्प बसला की माजोरडा. बाँड्सनं वडिलांचं उदाहरण घरात बघितलं होतं. बॉबी बाँड्सही मोठा खेळाडू होता आणि संघांनी त्याला इकडून तिकडे विकत फिरवलं. मुलानं पत्रकारांवर विश्वास टाकला नाही यात नवल कसलं? म्हणून तो गोड माणूस ठरत नाही. पण त्याच्या तुसडेपणाचा दर वेगळ्या तराजूनं लावला गेला, असं मला वाटतं.

इथंच एक कबुली. 'बाँड्स म्हणजे खडूस अधिक थोडा लबाड' असा हिशेब मी बरीच वर्षं सोयीनं करत आले. 2011 च्या त्या खटल्यात त्याच्या जुन्या मैत्रिणीनं शपथेवर त्याच्या धमक्यांबद्दल सांगितलं होतं. तो खटला त्याबद्दल नव्हता, त्यामुळे त्याचा निवाडा कधी झाला नाही. मी मात्र ते वाचलं आणि पुढच्या पानावर गेले. कप्पे करणं सोपं, कप्प्यांना गळती असते.

विल्यम्सनं 1991 मध्ये, सत्तरी पार केल्यावर, फेनवे पार्कवर टोपी उचलली. चाहत्यांनी एकतीस वर्षं वाट बघितली होती म्हणायची.

कॉब आणि रोझ

ही जोडी फटक्यांच्या विक्रमाची. डेट्रॉइटच्या टाय कॉबचा विक्रम सिनसिनाटीच्या पीट रोझनं 1985 मध्ये मोडला आणि 4,256 वर थांबला. कॉब हॉल ऑफ फेमच्या 1936 च्या पहिल्या तुकडीत, 226 पैकी 222 मतं, बेब रूथपेक्षा सात जास्त. रोझ आजही बाहेर.

कॉबनं 1912 च्या मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये स्टँडमध्ये चढून शिव्या देणाऱ्या एका प्रेक्षकाला बडवलं. त्या माणसाचा एक हात जवळजवळ गेलेला होता आणि दुसऱ्याची बोटं तुटलेली होती. लीगनं कॉबला निलंबित केलं, तर साथीदारांनी, ज्यांतले पुष्कळ त्याला सहन करत नसत, त्याच्यासाठी संप पुकारला. डेट्रॉइटनं स्थानिक हौशी पोरं गोळा करून संघ उतरवला आणि सामना 24-2 असा हरला. प्रेक्षकानं वाट्टेल ते बोलावं का, हा प्रश्न त्या संपामागे होता, तो अगदीच खोटा नव्हता. पण बुटांचे खिळे कानशीनं घासून धार लावायचा, काळ्या माणसांवर सतत हल्ले करायचा, या गोष्टींचं काय? 2015 मध्ये आलेल्या एका नव्या चरित्रानं जुने कागद तपासून दाखवलं की यातलं बरंच मृत्यूनंतरच्या लेखनात फुगवलेलं होतं, आणि काळा म्हणून सांगितलेला मार खाणारा काही वेळा गोरा होता. 1952 मध्ये कॉबनं काळ्या खेळाडूंनी मोठ्या लीगमध्ये खेळण्याला जाहीर पाठिंबा दिला, हे तर सगळे विसरलेच होते. तो गाय झाला असं नाही, स्टँडमधली मारामारी खरीच आहे. पण ज्या राक्षसावर आपण पन्नास वर्षं राग धरला तो अर्धा कागदी होता.

रोझचं उलट. 'मेहनती चार्ली' म्हणून लोकांचा लाडका, पहिल्या बेसवर चालत जायचं तरी धावत जाणारा. 1989 मध्ये, स्वतः सांभाळत असलेल्या संघावर पैजा लावल्याबद्दल, कायमची बंदी. 2004 पर्यंत त्यानं ते नाकारलं. 2017 मध्ये कोर्टात दाखल झालेल्या शपथपत्रात एका महिलेनं सांगितलं की 1970 च्या दशकात, आपण सोळाच्याही नसताना, रोझनं आपल्याशी संबंध ठेवले. ती सोळाची आहे असं आपल्याला वाटत होतं, हे रोझचं उत्तर. उत्तर वाचूनच पोटात कालवतं. 2024 च्या सप्टेंबरात तो गेला, आणि 2025 च्या मे महिन्यात मेलेल्यांवर बंदी कशाला म्हणून बेसबॉलनं ती उठवली.

शेजारी ठेवलं की दिसतं ते असं. माणसाला मारणारा पहिल्या दिवशी आत. पैज लावणारा पस्तीस वर्षं बाहेर, आणि तोही पैजेसाठीच. त्या मुलीसाठी त्याला लीगनं एक दिवसही बाहेर ठेवलं नाही. संस्था खेळाला झालेली जखम लगेच मोजते. माणसाला झालेली जखम मोजायचा कौटुंबिक हिंसाचाराचा नियम मोठ्या लीगनं केला कधी, तर 2015 मध्ये. तेव्हा 'हॉल ऑफ फेममध्ये आहे ना, मग माणूस बरा असेल' या भरवशावर जर्सी घेऊ नये. तिथल्या निकषांत सचोटी, खिलाडूवृत्ती, चारित्र्य हे शब्द आहेत, पण ते 1940 च्या दशकात आले, आणि कधी वापरायचे ते मत देणाराच ठरवतो.

(जाता जाता: 2024 मध्ये काळ्या खेळाडूंच्या वेगळ्या लीगचे आकडे अधिकृत धरले गेले आणि कॉबची सर्वोच्च सरासरी गेली. ती आता जॉश गिब्सनची, .372. ज्याचं नाव विल्यम्सनं 1966 मध्ये घेतलं तोच.)

चॅपमन आणि बाउअर

आता अवघड कप्पा, आणि माणसं जिवंत, खेळती, पगार घेणारी. मेलेल्या कॉबची जर्सी घेतली तर त्याला एक सेंट जात नाही. इथं तसं नाही.

क्यूबाहून आलेला अरोल्डिस चॅपमन ताशी शंभर मैलांच्या वर चेंडू फेकतो. 2010 मध्ये 105 मैलांच्या पुढे गेला. 2015 च्या ऑक्टोबरात फ्लोरिडातल्या त्याच्या घरी पोलीस गेले. त्यानं आपला गळा दाबला, असं जोडीदारानं त्यांना सांगितलं. त्यानं गॅरेजमध्ये पिस्तुलाच्या आठ गोळ्या झाडल्या होत्या. फौजदारी गुन्हा दाखल झाला नाही. नव्या नियमाखाली पहिलं निलंबन त्याचं, 30 सामने. त्याआधीच, घरच्या प्रकाराची बातमी फुटल्यावर, लॉस एंजेलिसच्या संघानं सौदा सोडला होता आणि न्यूयॉर्क यांकीजनं तो स्वस्तात उचलला होता. जुलै 2016 मध्ये शिकागो कब्जनं त्याला घेतलं.

कब्ज म्हणजे 1908 नंतर एकदाही विश्वविजेतेपद न मिळालेला संघ. शिकागोत आजोबा वाट बघत गेले, वडील वाट बघत म्हातारे झाले. आणि आता दारात उभा कोण, तर हा. 2 नोव्हेंबर 2016 ला, अंतिम मालिकेतल्या सातव्या, निर्णायक सामन्यात चॅपमन आघाडी राखायला आला, समोरच्या संघाच्या राजाय डेव्हिसनं त्याला होम रन मारून बरोबरी केली, पाऊस पडला, खेळ थांबला, आणि दहाव्या डावात कब्ज 8-7 जिंकले. विजयी पिचर (म्हणजे गोलंदाज) म्हणून नोंद कुणाची? चॅपमनची. त्या रात्री रडणाऱ्या माणसाला कुणी विचारावं, की यातले किती अश्रू नैतिक आहेत? दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणतात. फक्त इथं लाथ खाणारी वेगळी आणि दूध पिणारे वेगळे.

त्या हंगामात कब्जच्या एका चाहतीनं जे केलं ते मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत शहाणपणाचं वाटतं. चॅपमननं सामना राखला, म्हणजे 'सेव्ह' केला, की दर वेळी दहा डॉलर ती कौटुंबिक हिंसाचार सोसलेल्यांना मदत करणाऱ्या संस्थेला देणार, असं तिनं जाहीर केलं. मग आणखी लोक आले. संघाच्या विजयावर आनंद करायचाच आहे, तर त्यावर स्वतःच कर लावून घ्यायचा. हे प्रायश्चित्ताचं ढोंग आहे, अशी टीकाही झाली. असेल. पण पैसे पोचले, आणि प्रत्येक टाळीच्या वेळी चॅपमनची ती जोडीदार, जिचं नाव कुणी घेत नव्हतं, आठवली गेली. टाळी थोडी जड झाली. व्हायलाच हवी होती.

ट्रेव्हर बाउअर 2020 मध्ये नॅशनल लीगचा सर्वोत्तम पिचर, साय यंग पुरस्काराचा मानकरी. 2021 मध्ये लैंगिक हिंसेचे आरोप झाले. त्यानं ते सातत्यानं नाकारले, 2022 मध्ये सरकारी वकिलांनी गुन्हा दाखल करायचं नाकारलं. लीगनं मात्र 324 सामन्यांचं निलंबन केलं, लवादानं ते 194 वर आणलं. मग लॉस एंजेलिसनं त्याला सोडलं आणि मोठ्या लीगच्या तीसपैकी एकाही संघानं त्याला घेतलं नाही. तो जपानात योकोहामाकडून खेळायला गेला.

दोघांवरही फौजदारी खटला नाही. एकाला 2016 च्या डिसेंबरात यांकीजनं पाच वर्षांचा 8 कोटी 60 लाख डॉलरचा करार दिला, दुसऱ्याला दार बंद. आरोपांची जात वेगळी होती, शिक्षेची लांबीही. पण बाउअर आरोपांच्या आधीपासूनच साथीदारांना आणि चाहत्यांना डोकेदुखी होता, समाजमाध्यमांवर अखंड भांडणारा. चॅपमन गप्प बसला. म्हणून मला शंका येते, तीस संघांनी बाउअरला नाकारण्यात नीती किती आणि 'कोण डोकं फिरवून घेणार' हा व्यवहार किती? हात उचलण्याला माफी, तोंड उघडण्याला नाही, असा अर्थ निघत असेल तर चाहत्यानं संघाच्या निर्णयावरून आपली नीती उसनी घेऊ नये.

रॉबर्टो अलोमारचं एका परिच्छेदात सांगते. 1996 मध्ये तो पंचाच्या तोंडावर थुंकला. पुढे दोघांनी समेट केला, मैत्रीही झाली, आणि 2011 मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. थुंकणं पुसलं गेलं. 2021 मध्ये लैंगिक गैरवर्तनाच्या चौकशीनंतर बेसबॉलनं त्याच्यावर बंदी घातली. टोरोंटो ब्लू जेजनं मैदानावरचं त्याचं नाव उतरवलं. हॉल ऑफ फेममधली त्याची पाटी तशीच आहे. एक माणूस, तीन संस्था, तीन उत्तरं. टोरोंटोतल्या ज्या पोरानं 12 नंबर घालून लहानपण काढलं, त्यानं कुठल्या संस्थेचं ऐकावं?

वाटा

पहिली वाट आपल्या म्हणीतली: नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये. चेंडू कुठं गेला ते बघा, घरी काय करतो ते बघू नका. खडूस माणसाच्या बाबतीत ही वाट उत्तम आणि मी बिनदिक्कत सुचवीन. विल्यम्सनं टोपी उचलली नाही म्हणून त्याचं बॅटिंग बघायचं टाळणारा स्वतःचंच नुकसान करतो. खेळाडू आपल्याशी गोड वागण्याचं देणं लागत नाही. पण हीच म्हण चॅपमनला लावली की ती म्हण राहत नाही, डोळ्यांवरची पट्टी होते. शिवाय जुन्या काळात ही वाट सोपी होती, कारण पत्रकारच झाकली मूठ ठेवायचे. आता मूळ न शोधताही फोनवर येऊन पडतं.

दुसरी, पाठ फिरवायची. बघायचं नाही, विकत घ्यायचं नाही, नाव निघालं की विषय बदलायचा. हिला मी नावं ठेवणार नाही. ज्यांच्या स्वतःच्या घरात हात उचलला गेला आहे, त्यांना 'खेळ वेगळा, माणूस वेगळा' असं समजावत बसणं हा निर्दयपणा आहे. अडचण एवढीच, की ही वाट सरसकट घेतली तर कॉबसारखी फसगत होते: राग धरला तो अर्धा गावगप्पांवर. पाठ फिरवायची तर काय खरं नि काय आरोप, हे नीट वाचून फिरवावी.

तिसरी, खेळाडू सोडून संघ धरायचा. यांकीजच्या जर्सीवर खेळाडूचं नाव नसतंच, फक्त नंबर. ऐकायला छान. पण संघ म्हणजे तरी कोण? चॅपमनला स्वस्तात उचलणारा संघच ना? या वाटेनं जाणारा माणूस दुखावला जात नाही खरा, पण मालकाच्या प्रत्येक सौद्याला त्याची मान आपोआप हलते. मला ही चारांतली सर्वांत आळशी वाटते, आणि बहुतेक वर्षं मी याच वाटेनं चालले आहे.

चौथी, दहा डॉलरवाली. बघायचं, ओरडायचं, आणि त्याची किंमत स्वतः मोजायची. पैसेच असं नाही. बाँड्सच्या 756 व्या होम रनचा चेंडू आठवा. 2007 मध्ये त्यानं हँक आरनचा कारकिर्दीतल्या होम रनचा विक्रम मोडला तो चेंडू एका फॅशन व्यावसायिकानं सुमारे साडेसात लाख डॉलरना लिलावात घेतला आणि लोकांचं मत मागवलं: तसाच संग्रहालयाला द्यायचा, शंकास्पद विक्रमापुढे लावतात तशी तारांकित फुली (*) मारून द्यायचा की अंतराळात सोडायचा? लोकांनी फुलीला कौल दिला. तो चेंडू आज कूपर्सटाउनच्या संग्रहात आहे, अंगावर फुलीचं चिन्ह कापलेला. बाँड्स चिडला होता, आणि जाहिरातबाजीचा वास तर त्या प्रकाराला होताच. तरी मला तो आवडतो. चेंडू फेकला नाही, धुऊन पुसून ठेवलाही नाही.

ठरवताना तीन गोष्टी विचारा, याच क्रमानं. इजा कुणाला झाली, पत्रकाराच्या अहंकाराला, खेळाला की माणसाला? तुमचे पैसे आज त्याच्या खिशात जातात का? आणि तुम्हाला जे माहीत आहे ते कोर्टातलं आहे, चौकशीतलं आहे की कुणाच्या तरी रागातलं? पहिल्याचं उत्तर 'अहंकाराला' असेल तर पुढचे दोन सोडून द्या आणि जर्सी घ्या.

सभ्य खेळाडू निवडून प्रश्न मिटतो, असंही समजू नका. 2024 च्या मार्चमध्ये शोहेई ओहतानी या लॉस एंजेलिसकडून खेळणाऱ्या जपानी ताऱ्याच्या दुभाष्याचं सट्ट्याचं प्रकरण फुटलं तेव्हा काही दिवस जपानपासून लॉस एंजेलिसपर्यंत कुणाला झोप नव्हती. दुभाष्यानंच त्याचे जवळजवळ 1 कोटी 70 लाख डॉलर चोरले होते, हे पुढे निघालं. पण ते दिवस काढावेच लागले. अगदी जोखीम नको असेल तर पिट्सबर्गच्या रॉबर्टो क्लेमेंतेची 21 नंबरची जर्सी शोधा. तो 1972 च्या शेवटच्या दिवशी निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेल्या विमानात गेला, कारकिर्दीत नेमके 3,000 फटके मारून. ती मिळेल, पण सॅन फ्रान्सिस्कोच्या दुकानात नाही.

भाचीनं शेवटी 24 घेतली. मेजची. मला वाटलं, सुटलो. बाहेर पडताना ती उजव्या बाजूच्या भिंतीपाशी थांबली. पलीकडे मॅककोव्ही कोव्हचं पाणी आणि त्यात डुलणाऱ्या चारदोन होड्या. "मावशी, बाँड्सचे पस्तीस होम रन या पाण्यात पडले ना? नेमके कुठं?" मी हात करून दाखवलं. नवी जर्सी अंगात घालून ती कठड्याला रेलली आणि फलंदाज उभा राहतो त्या प्लेटपासून पाण्यापर्यंतचं अंतर पावलांत मोजायला लागली. आमची ट्रेन चुकली.